फौजीचं मत आणि परदेशातल्या मुलांचं मत, दोघांचा रस्ता वेगळा आहे

ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागात कितीतरी मराठी घरांत एक जण फौजेत नाहीतर परदेशात आहे, आणि निवडणूक आली की दोघांनाही घरचे एकच सांगतात, पोस्टानं टाकून दे. फौजीचं ठीक आहे, पण परदेशात खासगी कामासाठी राहणाऱ्याला पोस्टल बॅलेट नाहीच, त्याला इथे यावंच लागतं.

आधी फौजीचं बघू. आर्मी, नेव्ही, एअरफोर्स, बीएसएफ-सीआरपीएफसारखी दलं, राज्याबाहेर ड्यूटीवर असलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशात पोस्टिंग असलेले सरकारी कर्मचारी, हे सगळे सर्व्हिस व्होटर (नोकरीमुळे घरापासून लांब असलेले, वेगळ्या यादीतले मतदार) होऊ शकतात. फौजेतल्यानं फॉर्म २ भरायचा, राज्याच्या सशस्त्र पोलिसानं २ए आणि परदेशातल्या सरकारी कर्मचाऱ्यानं ३. फॉर्म आपल्या युनिट किंवा रेकॉर्ड ऑफिसमार्फतच जातो, घरच्यांनी इथे तहसीलमध्ये चकरा मारून काही होत नाही. त्यात नोकरी नसती तर जिथे राहिला असता तो पत्ता द्यायचा, म्हणजे ग्वाल्हेरचा. सोबत राहणारी बायको पण त्याच यादीत येते (आता कायदा बदललाय, म्हणून महिला ऑफिसरचा नवरा पण येतो), पण मुलं १८ ची झाली तरी येत नाहीत, त्यांनी साधा फॉर्म ६ भरावा. आणि फॅमिलीसोबत पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) असाल तर तिथलेच साधे मतदार पण होऊ शकता, फक्त दोन्हीकडे नाव नको.

२०२४ ला ७ मे ला आमच्याकडे मतदान होतं, फौजेतल्या भाच्याची बायको नेमकी माहेरी आली होती, ती बिचारी उन्हात तासभर लाइनीत उभी राहिली आणि बूथवर कळलं की नाव या यादीत नाही. नाव होतं, पण शेवटच्या भागात, सर्व्हिस व्होटरमध्ये, आणि त्यांना बूथवर मशीनवर मत देता येत नाही. रडवेली होऊन परत आली, मला फार वाईट वाटलं, म्हणूनच हे लिहायला बसलो.

सर्व्हिस व्होटरचं बॅलेट आता ऑनलाइन येतं, ओटीपी आणि पिन टाकून डाउनलोड करून प्रिंट काढायचं. मत गुप्तच द्यायचं. नंतरची गडबड लिफाफ्यात होते, ती नीट वाचा. खूण केलेलं बॅलेट फक्त छोट्या लिफाफ्यात, १३बी लिहिलेल्या, आणि तो चिकटवून टाकायचा. १३ए म्हणजे डिक्लेरेशन, त्यावर सही करून ऑफिसरकडून अटेस्ट करून घ्यायचं, हे छोट्या लिफाफ्यात अजिबात नाही घालायचं, बाहेर ठेवायचं. मग दोन्ही मिळून मोठ्या १३सी लिफाफ्यात. तिकीट लावायची गरज नाही. मतमोजणी सुरू व्हायच्या आधी पोचलं पाहिजे, डोंगराळ पोस्टिंगला डाक किती वेळ घेते सगळ्यांना माहीत आहे, तर हातात आलं त्याच दिवशी पाठवा.

डाकेचा भरवसाच नसेल तर फौजेतल्यांना प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीनं मत देणारा माणूस, ठेवता येतो, फॉर्म १३एफ भरून. प्रॉक्सी १८ च्या वरचा आणि त्याच मतदारसंघात राहणारा हवा. जवान सीओसमोर (कमांडिंग ऑफिसरसमोर) सही करतो, प्रॉक्सी नोटरी किंवा फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटसमोर. तो बूथवर जाऊन मत देतो आणि शाई त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लागते.

आता परदेशवाले. भारताचाच नागरिक हवा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर विषयच संपला. फॉर्म ६ए, ऑनलाइन पण भरता येतो. फोटो आणि पासपोर्टच्या पानांची स्वतः सही केलेली झेरॉक्स लागते, फोटोचं पान, भारतातल्या पत्त्याचं पान आणि चालू व्हिसाचं पान. नाव पासपोर्टवरच्या पत्त्यावरच चढतं, पासपोर्टवर दौलतगंजचा जुना वाडा असेल तर तोच, नव्या फ्लॅटचा पत्ता चालत नाही. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा बूथचा कर्मचारी) त्या पत्त्यावर येतो, तेव्हा घरी कोणीतरी असू द्या. जुनं मतदार कार्ड असेल तर परत करावं लागतं आणि नवीन मिळत नाही, मतदानाला बूथवर ओरिजिनल पासपोर्टच दाखवायचा.

उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत नाव चढत नाही, म्हणून तिकिटं काढायच्या आधी फॉर्म भरा. काही अडलं तर १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन लावा.