अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र: ‘धड एकही होत नाही’ हे खरं नाही

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत बारावीचा निकाल लागला की एक सल्ला हमखास मिळतो: अर्थशास्त्रासोबत समाजशास्त्र घेऊ नको, धड एकही होत नाही. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केलं, तेव्हा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि सोबतीला समाजशास्त्रही.

पऱ्हाटीचंच, म्हणजे कापसाचंच बघा. हमीभाव, क्विंटलमागचा खर्च, कर्जावरचं व्याज हा हिशेब अर्थशास्त्र शिकवतं. पण वेचणीची मजुरी किलोवर का, वेचायला बहुतेक बायाच का, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला पीककर्ज मिळणं अवघड का, हे समाजशास्त्राशिवाय उलगडत नाही.

खरी अडचण गणिताची. दहावीनंतर गणित सोडलेली पोरं सीमांत खर्चाच्या (एक नग जास्त काढायला येणाऱ्या जादा खर्चाच्या) आलेखापाशी अडतात आणि खापर फुटतं जोडीवर. पहिल्याच सत्रात टक्केवारी, सरासरी, रेषेचा उतार आणि साधं अवकलन घोटून घ्यावं.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय एकच निवडायचा असतो. यादीत हे दोन्ही आहेत. भारतीय आर्थिक सेवेला मात्र नुसतं बी.ए. चालत नाही, अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते.