कंटेनर ट्रेलरची पीयूसी : चाचणीआधी आरसी उघडून बघा

चाकण-तळेगावहून न्हावा-शेव्याला कंटेनर नेणाऱ्या गाड्यांचे मालक पीयूसीसाठी, म्हणजे धूर-प्रदूषणाच्या प्रमाणपत्रासाठी, दोन-दोन खेपा घालताना मी नेहमी बघतो. गाडी ठीक असते, अडतो तो कागद.

पीयूसी निघते ती घोड्याची, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनवाल्या गाडीची. मागच्या ट्रेलरला इंजिन नाही, त्यामुळे त्याला ती लागत नाही. पण त्याचा नंबर वेगळा आणि फिटनेसही (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र) वेगळं, हे विसरू नका. नव्या घोड्याला पहिली पीयूसी पहिल्या नोंदणीपासून वर्ष झाल्यावर लागते. हे वर्ष आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, तारखेपासून मोजायचं, गाडी ताब्यात आली त्या दिवसापासून नाही.

सगळ्यात मोठा घोळ मुदतीचा. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी नॉर्म्स. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी १२ महिने चालते, त्याआधीच्या गाड्यांची फक्त ६. आता पुण्यात बीएस-४ आलं २०१० साली, म्हणून २०१३ची गाडी बीएस-४च असणार असं मालक धरून चालतात. पण नॅशनल परमिटच्या (देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या) गाड्यांना तेव्हा सूट होती आणि देशभर बीएस-४ लागू झालं ते १ एप्रिल २०१७ला. म्हणजे तुमची एमएच-१२ किंवा एमएच-१४ गाडी बीएस-३ असू शकते. आरसीवर नॉर्म्सचा रकाना बघा. जुन्या गाड्यांच्या नोंदीत तो बरेचदा रिकामाच असतो. सरकारी नोंद अर्धवट आणि हेलपाटे मालकाला, हे मला अजिबात पटत नाही. पण रस्त्यावर दंड तुम्हालाच भरावा लागतो, तेव्हा नोंद आधीच दुरुस्त करून घ्या.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. २०२१पासून पीयूसीला मालकाचा नंबर सक्तीचा आहे. जुनी गाडी घेतली असेल तर नोंदीत आधीच्या मालकाचा, नाहीतर एजंटाचा नंबर निघतो. तो परिवहनच्या पोर्टलवर बदलून मगच केंद्रावर जा. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख जवळ ठेवा.

बाकी काम सोपं : आरसी दाखवायची, पैसे भरायचे, चाचणी करून घ्यायची. फक्त रात्रभर उभी गाडी थेट यंत्राला लावू नका, इंजिन गरम होऊ द्या. धुराची मर्यादा (यंत्र धुराचा दाटपणा प्रति मीटर मोजतं) बीएस-४ला १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५.

गाडी नापास झाली तर नापासाची स्लिप मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. स्लिपवरचे आकडे मेस्त्रीला दाखवता येतात आणि यंत्रावर शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर चाचणी करता येते. चिडून ती स्लिप तिथंच टाकून येणारे फार बघितलेत.

आणि पीयूसी आहे म्हणजे फिटनेस आहे असं नाही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. नवव्या वर्षी जुन्या सवयीनं दोन वर्षं धरणारेच घाटात अडकतात. पीयूसी नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. ते लायसन्स ड्रायव्हरचं असतं, त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. म्हणून दोन्ही तारखा गाडी भरायच्या आधी मालकानंच बघाव्यात.