विश्वकर्मा आणि पहचान: कारागिराची दोन कार्डं, दोन कामं

मुलांचा तान्हा पोळा जवळ आला की नागपूरच्या बाजारात लाकडी नंदींच्या रांगा लागतात. ते कोरणाऱ्याला ‘कारागिराचं कार्ड काढलं का?’ असं विचारण्याआधी कोणतं कार्ड, हे ठरवलेलं बरं. कार्डं दोन आहेत, विश्वकर्मा आणि पहचान; दोन्ही केंद्र सरकारचीच, म्हणून गल्लत होते.

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झाली. तिच्यात 18 धंदे आहेत: सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार, टोपल्या विणणारे, खेळणी करणारे, अगदी न्हावी आणि धोबीसुद्धा. सीएससी म्हणजे गावोगावच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर नोंदणी होते, पडताळणी होते. मग 5 ते 7 दिवसांचं प्रशिक्षण, त्याचे रोजचे 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर. पुढे 5 टक्के व्याजानं विनातारण कर्ज: आधी 1 लाख, ते नीट फेडलं तर 2 लाख. लाभ घरटी एकालाच. अर्जात धंदा जपून निवडा, कारण अवजारांचा संच त्यानुसारच ठरतो. नंदीवाला खेळण्यांतही बसतो, पण रंधा-पटाशी हवी असेल तर त्यानं ‘सुतार’ लिहावं.

पहचान कार्ड देतात वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तशिल्प विकास आयुक्त. हे फक्त हस्तशिल्पींसाठी. न्हाव्याला मिळणार नाही. खात्यात लगेच काही जमा होत नाही, म्हणून लोक ते कपाटात टाकून देतात. पण गांधी शिल्प बाजारात, म्हणजे हस्तकलेच्या सरकारी प्रदर्शन-विक्रीत, स्टॉल मागायचा तर हेच लागतं.

आता हिशेब बघा. 1 लाख 18 महिन्यांत फेडायचे म्हणजे महिन्याला साधारण पावणेसहा हजारांचा हप्ता. नंदी खपतात श्रावणात. नवा रंधा आला म्हणून जानेवारीत कुणी नंदी न्यायला येत नाही; हप्ता मात्र जानेवारीतही येतो. त्यामुळे माझं मत असं, की हंगामी माल करणाऱ्यानं आधी पहचान काढावं, बाहेरगावच्या बाजारात आपला नंदी शोभेची वस्तू म्हणून खपतो का ते पाहावं आणि मगच कर्जाला हात घालावा. बुरुडाचं तसं नाही. सुपं-टोपल्या बारा महिने लागतात, त्याला कर्ज झेपू शकतं. एक कार्ड असलं म्हणून दुसरं अडत नाही.

कोष्टी विणकरांनी मात्र या दोन्ही रांगांत उभं राहू नये. त्यांचं कार्ड वेगळं आहे, ते हातमाग विकास आयुक्तांकडून मिळतं.