बुरशीशिवाय उगवेना, बुरशीमुळे टिकेना : ऑर्किडचं बी

व्हॅनिला आइस्क्रीममध्ये बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते ऑर्किडचं बी. हो, व्हॅनिला ऑर्किडच आहे, आणि ऑर्किडच्या मानाने ते बी बरंच दणकट म्हणायचं, कारण बाकी बहुतेक जातींचं बी म्हणजे नुसती धूळ, बोंड तडकलं की वाऱ्याबरोबर गायब. एका बोंडात हजारो असतात, काही जातींत तर लाखो.

झाडाला एवढं बी परवडतं कसं? शिदोरीच देत नाही ते सोबत! वाटाण्याच्या दाण्यात कोंबासाठी खाऊ भरलेला असतो, इथे फक्त शंभरेक पेशींचा गर्भ आणि त्यावर जाळीसारखं पातळ आवरण. जंगलात असं बी सालीच्या फटीत पडून राहतं, आणि योग्य बुरशी भेटली तरच पुढचं काही घडतं, म्हणजे बुरशीचे धागे आत शिरतात आणि गर्भ चक्क त्यांनाच पचवून त्यातून साखर मिळवतो. कोण कोणाला खातंय हेच कळत नाही. ही भानगड १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आली, आणि १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसनने दाखवून दिलं की बी ला बुरशी नको, साखर हवी, ती आगरच्या (समुद्री शेवाळापासून काढलेल्या, घट्ट होणाऱ्या पदार्थाच्या) जेलीत मिसळून दिली की काम होतं.

पण साखरेची जेली म्हणजे हवेतल्या सगळ्या बुरशांना जेवणाचं आमंत्रण, आणि त्या आपल्या बी पेक्षा कितीतरी पटीने फास्ट वाढतात. त्यामुळे बी पासून ऑर्किड करणं हे निम्मं बागकाम आणि निम्मं ऑपरेशन थिएटर आहे. जेली बाटल्यांत भरून प्रेशर कुकरमध्ये १५-२० मिनिटं शिजवायची, बी पातळ ब्लीचमध्ये साबणाचा एक थेंब टाकून धुवायचं (साबण का, तर बी च्या आवरणात हवा अडकलेली असते, नाहीतर ते तरंगतच राहतं) आणि बंद पेटीत, हवा न हलवता पेरायचं. माझ्या पहिल्या बॅचच्या सगळ्या बाटल्या आठवड्यात काळ्या पडल्या, बहुतेक मी शिंकलो म्हणून. त्यापेक्षा बोंड तडकायच्या आधी, हिरवं असतानाच काढावं, आतलं बी निर्जंतुकच असतं, बाहेरून बोंड नीट धुतलं आणि स्वच्छ ब्लेडने कापलं की झालं.

मग थांबायचं. काही आठवड्यांनी बाटलीत हिरवे मणी दिसू लागतात, ना मूळ ना पान, त्यांना प्रोटोकॉर्म म्हणतात. दाटी झाली की ताज्या जेलीवर विरळ करायचे, काहीजण जेलीत केळ्याचा गर नाहीतर नारळपाणी घालतात.

मोठ्या ऑर्किडांना बी पासून फुलापर्यंत अनेक वर्षं लागू शकतात, म्हणून मी सुरुवात एरिसिना पुसिलापासून करायला सांगतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे पिटुकलं झाड, पेरू-कॉफीच्या झाडांच्या बारीक फांद्यांवर राहतं, पानांचा पंखा जेमतेम काही सेंटीमीटरचा आणि फूल पिवळंधमक, झाडाच्या मानाने भलं मोठं. बारीक फांदी कधी मोडून पडेल याचा नेम नाही, मग घाई करणाऱ्याचंच फावणार, आणि हे इतकं घाईचं आहे की बाटलीत असतानाच फुलतं! म्हणून लॅबमध्ये संशोधनासाठीही वापरतात.

बाहेर काढताना मात्र जपून. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेली पानं लगेच सुकतात, सुरुवातीला झाकणाच्या डब्यात ओल्या शेवाळावर ठेवायचं आणि झाकण रोज थोडं जास्त उघडायचं. आणि त्याआधी मुळांना चिकटलेली जेली कोमट पाण्याने पूर्ण धुवायची, कणभर जरी राहिली तरी त्या साखरेवर बुरशी हजर.