एसी सीडीआय की डीसी सीडीआय? कमजोर ठिणगीचा माग काढताना

डर्ट बाइक किक मारून मारून दमवते. प्लग काढून इंजिनच्या हेडला टेकवून पाहिला तर ठिणगी येते, पण बारीक, पिवळट, आवाज नसलेली. इथून पुढचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: नवा प्लग, नवी कॅप, नवी एचटी कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारी कॉइल) आणि शेवटी नवा सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये वीज साठवून ठिणगीसाठी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. कधी गाडी सुटते, बऱ्याचदा सुटत नाही, कारण पहिलाच प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. या सीडीआयला वीज येते कुठून? थेट मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या चाकातून, की बॅटरीतून? मॅग्नेटवर चालतो तो एसी सीडीआय, बॅटरीवर चालतो तो डीसी सीडीआय. दोन्ही डबे सारखेच काळे, साधारण त्याच मापाचे, कपलरही पुष्कळदा सारखा. पण ठिणगी कमजोर पडण्याची कारणं दोघांची इतकी वेगळी आहेत की एकाची तपासणी दुसऱ्यावर करण्यात अर्थच नाही.

काम शेवटी एकच. आतल्या कपॅसिटरमध्ये साधारण 200 ते 400 व्होल्ट साठवायचे आणि पिकअप कॉइलचा (ठिणगीची वेळ सांगणाऱ्या छोट्या कॉइलचा) इशारा आला की ते एका झटक्यात एचटी कॉइलच्या प्रायमरीत, म्हणजे पहिल्या वेढ्यांत, सोडायचे. कॉइल त्यांचे 20-30 हजार व्होल्ट करते आणि प्लगवर ठिणगी उडते. कपॅसिटर भरतो कोण, एवढाच फरक, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

एसी प्रकारात मॅग्नेटच्या आत, दिव्यांच्या कॉइलशेजारी, अतिशय बारीक तारेचे भरपूर वेढे असलेली एक वेगळी कॉइल असते. कोणी तिला सोर्स कॉइल म्हणतं, कोणी एक्सायटर. मॅग्नेट फिरला की तीच सीडीआयला लागणारे शेकडो व्होल्ट तयार करते. बॅटरीचा इथे काही संबंध नाही. 1985 ते 1996 या काळात आपल्याकडे बनलेली यामाहा आरएक्स 100 बॅटरी काढून ठेवली तरी किकवर सुरू होते, ती यामुळेच. जुन्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या आणि 110-125 सीसीच्या बऱ्याच चिनी पिट बाइक याच घराण्यातल्या.

डीसी प्रकारात ही कॉइलच नसते. सीडीआयच्या डब्यात एक छोटा कन्व्हर्टर असतो आणि तो बॅटरीचे 12 व्होल्ट वर चढवतो. हिरो स्प्लेंडर प्लसच्या माहितीपत्रकात इग्निशनपुढे ‘डीसी डिजिटल सीडीआय’ असं लिहिलेलं असे, ते हेच. सेल्फ-स्टार्ट असलेल्या अनेक हलक्या ट्रेल बाइकवरही हीच रचना सापडते.

आपली गाडी कुठली, ते पाहायला बॅटरीची वायर काढा, चावी चालू करा, प्लग हेडला टेकवून नुसती किक मारा. ठिणगी आली तर एसी. नाही आली, आणि बॅटरी जोडल्यावर आली, तर डीसी. बॅटरी काढलेली असताना इंजिन सुरू करून रेस मात्र देऊ नका, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला असेल तर व्होल्टेज वर जाऊन बल्ब उडतात. दुसरी खूण मल्टीमीटरची: चावी चालू केल्यावर सीडीआयच्या कपलरवर एखाद्या पिनला 12 व्होल्ट मिळाले तर गाडी डीसी समजा. बॅटरीच नसलेली प्रत्येक गाडी एसी सीडीआयची, असंही नाही. होंडाची सीआरएफ 450 आर 2009 साली फ्युएल इंजेक्शनवर गेली, तीही बॅटरीशिवाय. अशा गाड्यांचं गणित वेगळं, हा लेख त्यांना लागू करू नका.

आता लक्षणं, कारण खरा उलगडा तिथेच होतो.

एसी गाडीची सोर्स कॉइल सहसा एकदम मरत नाही, हळूहळू मरते. आतल्या एखाद-दोन वेढ्यांचं इन्सुलेशन गेलं की किकच्या मंद वेगाला व्होल्टेज पुरत नाही, पण ढकलून सुरू केली की इंजिन जास्त वेगाने फिरतं आणि गाडी लागते. किकला नाही, धक्क्याला हो: हे लक्षण मी सगळ्यात वर ठेवतो. दुसरं म्हणजे गरम झाल्यावर बंद पडणं आणि थंड झाल्यावर काही झालंच नाही अशी सुरू होणं. तार तापून पसरते, तुटलेलं टोक सुटतं, थंड झालं की पुन्हा टेकतं. म्हणून या कॉइलचे ओहम (तारेचा रोध) थंड इंजिनवर मोजून ‘बरोबर आहेत’ म्हणणं पुरेसं नाही. बंद पडल्या पडल्या, इंजिन गरम असतानाच मोजा. आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधून घ्या; तो मॉडेलप्रमाणे बदलतो, पण सहसा शेकड्यांत असतो. किक मारताना या वायरला हात लावू नका, तो झटका सौम्य नसतो.

डीसी गाडीत संशय आधी बॅटरीवर घ्यायचा, मग बॅटरीपासून सीडीआयपर्यंतच्या वाटेवर. सेल्फ मारताना व्होल्टेज इतकं खाली जातं की सीडीआयपर्यंत पुरेसं पोचत नाही. सेल्फचं बटण सोडता सोडता इंजिन पेटत असेल, किंवा सेल्फपेक्षा किकवर पटकन लागत असेल, तर पैसे कॉइलवर घालू नका. मीटर बॅटरीवर न लावता सीडीआयच्या कपलरवर लावा आणि सेल्फ मारा. बॅटरीवर आहे आणि कपलरवर नाही, तर वाटेतला फ्यूज, चावीचा स्विच किंवा गंजलेली पिन शोधायची. धक्क्याचा उपाय मात्र इथे उलटा चालतो: बॅटरी पूर्ण बसलेली असेल तर डीसी गाडी ढकलूनही सहसा दाद देत नाही.

सर्वात मोठा गोंधळ किल स्विचवर होतो. एसी गाडीत इंजिन बंद करायचं म्हणजे सीडीआयची किल वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, टेकवायची. पावसाळ्यात चिखल-पाणी स्विचमध्ये शिरलं की ही वायर थोडीथोडी अर्थ होत राहते आणि कपॅसिटरमध्ये भरायची वीज तिथून गळते. ठिणगी पूर्ण जात नाही, फक्त अशक्त होते. चिनी पिट बाइकवर ही वायर बहुधा काळी-पांढरी असते. सीडीआयजवळ तिचा कपलर सुटा करून किक मारा. ठिणगी सुधारली तर दोष स्विचचाच. (मग इंजिन बंद करायला गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडावा लागतो, हे आधीच ठरवून ठेवा.) डीसी गाडीत किल स्विच बहुधा 12 व्होल्टच्या वाटेतच बसलेला असतो. तिथे वायर सुटी केली तर ठिणगी सुधारणार नाही, जाईलच. तिथल्या गंजलेल्या स्विचमुळे वीज गळत नाही, अडते.

डबे अदलाबदल करून पाहण्याचा मोह टाळा. एसी डब्याला बॅटरीचे 12 व्होल्ट दिले तर उपयोग शून्य. डीसी डब्याला सोर्स कॉइलचे शेकडो व्होल्ट दिले तर तो जळतो. दुकानात जुना डबा, पिनांचा क्रम आणि मॉडेलचं नाव घेऊन जा.

दोन्हींना सारखी लागू पडणारी एक गोष्ट अर्थिंगची. फ्रेमला पावडर कोटिंग करून आणली आणि त्यानंतर ठिणगी बारीक झाली, तर एचटी कॉइलच्या बोल्टखालचा, अर्थ अडवणारा रंग खरवडून लोखंड उघडं करा.

ठिणगी कमजोर आहे हे ठरवतानाही घाई नको. सीडीआयची ठिणगी फार कमी वेळ टिकते, उन्हात ती आहे त्यापेक्षा फिकी दिसते. सावलीत पाहा. उघड्यावर दिसलेली ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली उडेलच याचीही हमी नाही, कारण दाब वाढला की तेवढ्याच गॅपसाठी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून अंतर कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, प्लगच्या भोकावर कापड दाबा, पेट्रोल लांब ठेवा आणि अंतर 6 मिलिमीटरपर्यंत न्या. कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, त्याने कॉइलचं इन्सुलेशन फुटतं. इंजिन थंड असताना आणि गरम असताना, दोन्ही वेळा ठिणगीने हे अंतर किकवर ओलांडलं, तर करंटची बाजू ठीक आहे. मग प्लग ओला-काळा होत असेल तर का, हे कार्बोरेटरला विचारायचं: अडकलेला चोक, वर चढलेली फ्लोट लेव्हल (आतल्या पेट्रोलची पातळी), चुकीचा पायलट जेट (मंद वेगाला पेट्रोल देणारं बारीक छिद्र).