प्रोग्रेसिव्ह रॉक आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा: जुनी ओढाताण

प्रोग्रेसिव्ह रॉक, थोडक्यात प्रोग, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक: पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, जेथ्रो टल. यांपैकी कुठल्याही बँडचं नाव घ्या, त्यांच्या गाण्यांची ‘सिम्फॉनिक’, म्हणजे ऑर्केस्ट्राने वाजवलेली, आवृत्ती कुठे ना कुठे सापडतेच. त्यातल्या बऱ्याचशा ऐकायला गोड असतात आणि तासाभरात विसरल्याही जातात. चांगलं गाणं, कसलेले वादक, उत्तम हॉल असं सगळं असूनही हे का होतं, याचं उत्तर बरंचसं 1960च्या दशकात आहे.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला 1963 पासून मेलोट्रॉन नावाचं वाद्य बनू लागलं. पियानोसारख्या 35 पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत आणि तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकच सूर. पट्टी दाबली की फीत सरकते, साधारण आठ सेकंदांत संपते. बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचून घेते. त्यामुळे लांब सूर धरायचा तर वादकाला पुढची चाल आधीच ठरवावी लागे. आवाज किंचित घोगरा, थरथरता. हे वाद्य बनवणाऱ्या कंपनीत काम केलेला माइक पिंडर पुढे मूडी ब्लूज या बँडमध्ये गेला. किंग क्रिम्झनच्या 1969च्या पहिल्या अल्बमवर आणि जेनेसिसच्या ‘वॉचर ऑफ द स्काइज’च्या (1972) सुरुवातीला जो भव्य, काहीसा भुताटकीचा आवाज येतो, तो याच यंत्राचा. म्हणजे या संगीतात ऑर्केस्ट्रा आधीपासूनच होता, फक्त नकली. मेलोट्रॉनच्या जागी साठ खरे वादक बसवले की आवाज स्वच्छ होतो, आणि नेमकी ती भुताटकी निघून जाते.

खऱ्या ऑर्केस्ट्राशी गाठ पडायलाही उशीर लागला नाही. मूडी ब्लूजच्या 1967च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’मध्ये पीटर नाइटने ऑर्केस्ट्राचे भाग लिहिले, पण बँड आणि ऑर्केस्ट्रा बहुतेक वेळ आळीपाळीनेच वाजतात. 1969 मध्ये डीप पर्पलने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये माल्कम आर्नल्डच्या संचालनाखाली आख्खा कॉन्चेर्टो (वादकांचा गट आणि ऑर्केस्ट्रा यांच्यातल्या संवादाची मोठी रचना) सादर केला. येसच्या 1970च्या ‘टाइम अँड अ वर्ड’मध्ये तर व्हायोलिनांनी गिटारची जागाच खाल्ली, गिटारवादक पीटर बँक्स त्याच वर्षी बँडबाहेर पडला.

पिंक फ्लॉइडच्या ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ची (1970) गोष्ट जास्त बोलकी आहे. ड्रमर निक मेसन आणि बेसवादक रॉजर वॉटर्स यांना वीसेक मिनिटांचा ड्रम-बेसचा पाया एका दमात वाजवावा लागला, कारण टेप कापून जोडायला परवानगी नव्हती. साहजिकच लय मध्येच रेंगाळते, मध्येच पळते. त्यावर संगीतकार रॉन गीसिनने ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि कोरस लिहिला. समेची जागा कुठली, यावरूनच घोळ झाला. ब्रासवादक गीसिनला जुमानेनात, शेवटी कोरसचे संचालक जॉन ऑल्डिस यांच्या हाती छडी द्यावी लागली. खरी अडचण इथेच आहे. रॉकमध्ये लय ड्रमरकडे असते, ऑर्केस्ट्रात ती संचालकाच्या हातात. आणि दोन मालक एका घरात फार दिवस नांदत नाहीत.

पैशाचं गणित तर आणखी कठीण. इमर्सन, लेक अँड पामर हा तिघांचा बँड 1977 मध्ये मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला आणि खर्च झेपेना म्हणून बहुतेक दौरा तिघांनीच पार पाडला.

मग उलटी वाट सुरू झाली: बँडने ऑर्केस्ट्रा बोलावण्याऐवजी ऑर्केस्ट्रानेच गाणी वाजवायची. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ‘क्लासिक रॉक’ रेकॉर्ड 1970च्या दशकाच्या अखेरीस भरपूर खपल्या. प्रोगपुरतं बोलायचं तर हे काम मुख्यतः डी पामर यांचं (वरच्या त्रिकुटातला पामर वेगळा). तेव्हाच्या रेकॉर्डवर नाव डेव्हिड पामर असं आहे; स्त्री म्हणून डी हे नाव त्यांनी नंतर घेतलं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेल्या पामर 1968 पासून जेथ्रो टलसाठी वाद्ययोजना करत होत्या, पुढे काही वर्षं बँडमध्येही होत्या. 1985 मध्ये टल, 1987 मध्ये जेनेसिस, 1993 मध्ये येस अशा त्यांच्या सिम्फॉनिक रेकॉर्ड आल्या. मूळ कलाकारही पाहुणे म्हणून आले: टलच्या वेळी इयान अँडरसन, जेनेसिसच्या वेळी स्टीव्ह हॅकेट. कसब वादातीत, तरी माझ्या कानाला यांतला मोठा भाग मवाळ वाटतो. गायकाची चाल ओबोला (सनईच्या जातीचं वाद्य) किंवा व्हायोलिनला दिली, खाली ड्रमसेट ठेवला, की गाण्याचं टोक बोथट होतं.

जेनेसिसचा जुना गायक पीटर गेब्रियल याने हे ओळखलं असावं. 2010च्या ‘स्क्रॅच माय बॅक’साठी आणि 2011च्या ‘न्यू ब्लड’साठी त्याने नियमच घातला: गिटार नाही, ड्रम नाहीत. ‘द रिदम ऑफ द हीट’ मुळात (1982) घानाच्या ढोलांच्या कल्लोळात संपतं. जॉन मेटकाफच्या नव्या मांडणीत तो कल्लोळ तंतुवाद्यं आणि ब्रास यांनाच उभा करावा लागतो. ढोल नसल्यामुळे वादकांना घाम गाळावा लागतो, आणि तो ऐकू येतो.

सगळ्यांत धाडसी काम मात्र जपानमध्ये झालं. ताकाशी योशिमात्सु या संगीतकाराने इमर्सन, लेक अँड पामरचं 1971चं वीस मिनिटांचं ‘टार्कस’ पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढलं. 2010 मध्ये टोकियो फिलहार्मोनिकने साचिओ फुजिओका यांच्या संचालनाखाली ते वाजवलं. सुरुवातीची पाच मात्रांची धावती आवर्तनं, जी कीथ इमर्सन ऑर्गनवर एकटा फिरवायचा, ती इथे साऱ्या ऑर्केस्ट्राला एका श्वासात पळवावी लागतात. दोन वर्षांनी एनएचके वाहिनीच्या ‘ताइरा नो कियोमोरी’ या ऐतिहासिक मालिकेत हेच ‘टार्कस’ बाराव्या शतकातल्या सामुराईंच्या मागे वाजत होतं.