अमेरिकी महाविद्यालयीन सॉकर शिष्यवृत्ती

आपल्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे खेळाच्या बळावर आर्थिक मदत देतात; त्या मदतीतला सॉकरचा भाग. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथे सॉकर म्हणतात. ‘फुटबॉल’ हा शब्द तिथे लांबट चेंडूच्या, हेल्मेट घालून खेळायच्या खेळासाठी राखलेला आहे. फरक नावापुरता नाही. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत क्रीडाखात्याचा पैसा आधी त्या फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे वळतो, सॉकरची सोय उरलेल्यातून होते. म्हणूनच ‘शिष्यवृत्ती मिळाली, आता सगळे फुकट’ हा आपल्याकडचा समज बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. शिकवणी शुल्क, राहणे, जेवण आणि पुस्तके असा सगळा खर्च भागवणारी पूर्ण शिष्यवृत्ती असते खरी, पण ती संघातल्या मोजक्यांनाच मिळते.

महाविद्यालयीन खेळांवर मुख्य नियंत्रण एनसीएए या संघटनेचे आहे. तिची स्थापना १९०६ मधली, मुख्यालय इंडियानापोलिसला. १९७३ पासून तिच्या सदस्य संस्था तीन विभागांत वाटलेल्या आहेत. पहिला आणि दुसरा विभाग खेळासाठी शिष्यवृत्ती देतात. तिसरा विभाग सर्वांत मोठा असूनही खेळाच्या नावाने एक डॉलरही देत नाही. तिथली मदत गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीवर ठरते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही आयव्ही लीग या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातली विद्यापीठे पहिल्या विभागात खेळतात, पण क्रीडा शिष्यवृत्ती तीही देत नाहीत. याशिवाय एनएआयए ही मुख्यतः लहान महाविद्यालयांची संघटना आहे, आणि एनजेसीएए ही दोन वर्षांच्या महाविद्यालयांची. दोन वर्षे तिथे कमी खर्चात शिकून, खेळून मग चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेणारे बरेच असतात. हा मार्ग कमीपणाचा मानण्याचे कारण नाही.

२०२४–२५ पर्यंत पहिल्या विभागातल्या पुरुष संघाला ९.९ आणि महिला संघाला १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येत असे. दुसऱ्या विभागात हे आकडे अनुक्रमे ९ आणि ९.९, तर एनएआयएमध्ये १२ होते. पुरुषांच्या संघात पंचवीस-तीस खेळाडू असतात. ९.९ सारख्या वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश खर्च येतो. प्रशिक्षक मात्र सारखे वाटत नाहीत. गोल करणाऱ्या आघाडीपटूला ते मोठा हिस्सा देतात, राखीव बचावपटूच्या हाती कदाचित पुस्तकांपुरते पैसे पडतात.

मुलींना संधी जास्त आहे, आणि त्यामागे कायदा आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ १९७२ मध्ये आला. वरच्या श्रेणीतल्या अमेरिकी फुटबॉलच्या एका संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या सगळ्या मुलांकडे जात. तोल साधायचा तर मुलींच्या खेळांना बळ देणे भाग होते, आणि सॉकरला त्याचा सर्वांत मोठा लाभ झाला. आज पहिल्या विभागात पुरुषांचे सॉकर संघ दोनशेच्या आसपास आहेत, महिलांचे साडेतीनशेच्या आसपास. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातली मिया हॅमसारखी खेळाडू घडवणाऱ्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाने एनसीएएची विजेतेपदे वीसहून अधिक वेळा जिंकली, ती याच वातावरणात.

जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली आणि हिशेब बदलला. तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, त्याजागी खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. सॉकरमध्ये ती २८ आहे. कागदावर आता अठ्ठावीसही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण मुभा मिळाली म्हणजे पैसा आला असे होत नाही. त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंशी उत्पन्न वाटून घेण्याची परवानगी दिली, आणि तो पैसा प्रामुख्याने फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो. शिवाय संघ लहान झाल्याने शिष्यवृत्तीविना सरावाला येऊन संघात जागा मिळवणाऱ्यांची वाट अरुंद झाली.

निवड प्रशिक्षकाच्या गरजेवर ठरते, हे ध्यानात घेतले तर बऱ्याच नकारांचा अर्थ लागतो. पुढच्या वर्षी कोणते खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडणार, त्या जागी कोण हवे, हे तो दोन-दोन वर्षे आधी मांडत असतो. तरुण गोलरक्षक हाताशी असताना आणखी एक कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी पैसे निघत नाहीत. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये खेळण्याची जागा, कोणता पाय जास्त चालतो, उंची, जन्मवर्ष, शाळा संपण्याचे वर्ष आणि गुण थोडक्यात यावेत. सोबत तीन ते पाच मिनिटांची चित्रफीत, त्यात प्रत्येक प्रसंगाआधी आपण कोणते ते बाणाने दाखवलेले. उत्तम खेळ सुरुवातीलाच असावा. एका संपूर्ण सामन्याचे चित्रणही तयार ठेवावे, कारण चेंडू पायात नसताना खेळाडू काय करतो हे निवडक तुकड्यांत दिसत नाही आणि जाणत्या प्रशिक्षकाला तेच पाहायचे असते. पहिल्या विभागाचे प्रशिक्षक अमेरिकी दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासूनच खेळाडूशी थेट बोलू शकतात. त्याआधीचे त्यांचे मौन म्हणजे नकार नव्हे.

अमेरिकेतली मुले एमएलएस नेक्स्ट किंवा ईसीएनएल अशा युवा लीगमधून आणि विद्यापीठांच्या निवड शिबिरांतून नजरेत येतात. परदेशी मुलामुलींची भिस्त चित्रफितीवर आणि पत्रव्यवहारावर असते. नामांकित विद्यापीठांच्याच मागे लागणे मात्र चूक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा क्लिंट डेम्प्सी फर्मनसारख्या लहान विद्यापीठात खेळला. मॅट टर्नर फेअरफील्डमधून निघाला तेव्हा कोणत्याही व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतले नव्हते. २०२२ च्या विश्वचषकात तो अमेरिकेचा गोलरक्षक होता.

अभ्यासाची बाजू आपल्या पालकांनी सर्वांत आधी समजून घ्यावी. पहिल्या आणि दुसऱ्या विभागासाठी एनसीएएचे पात्रता केंद्र विद्यार्थ्याची कागदपत्रे तपासते. नववी ते बारावीत सोळा मूलभूत विषय-वर्षे (एक विषय एक वर्ष शिकला की एक) हवीत आणि त्यांत चारपैकी किमान सरासरी हवी: पहिल्या विभागाला २.३, दुसऱ्याला २.२. आपल्याकडे दहावी-बारावीचेच गुण जन्मभर विचारले जातात, नववीची गुणपत्रिका कुठेतरी पडून असते. इथे ती लागते. मराठी माध्यमाच्या गुणपत्रिकेचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, तरी एखादे विद्यापीठ प्रवेशासाठी ती परीक्षा मागू शकते. प्रशिक्षकाचा हिस्सा अपुरा असतो तिथे चांगल्या गुणांवर मिळणारी मदत उरलेली रक्कम भरून काढते, त्यामुळे हुशार खेळाडू प्रशिक्षकालाही स्वस्त पडतो. अनेकांच्या बाबतीत पायांपेक्षा गुणपत्रिकेने जास्त पैसे आणलेले असतात.

बारावीनंतर नीट-जेईईसाठी वर्ष ‘ड्रॉप’ घेण्याची आपल्याकडची रीत इथे अडचणीची ठरू शकते. सॉकरमध्ये पहिल्या विभागाचा नियम शाळा संपल्यावर साधारण एका वर्षाची सवलत देत आला आहे. त्यानंतरही प्रवेश न घेता संघटित स्पर्धा खेळत राहिल्यास महाविद्यालयात खेळण्याचे हंगाम कमी होतात. कोल्हापूरच्या तालीम संघाकडून खेळणे असो की मुंबईतली लीग, तारखा आणि सामन्यांची नोंद ठेवलेली बरी. व्यावसायिक क्लबशी करार करणे किंवा एजंट नेमणे ही त्याहून मोठी जोखीम आहे. गोव्यातल्या क्लबचा कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

प्रशिक्षकाने फोनवर दिलेला शब्द कोणालाच बांधून ठेवत नाही. खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणारे, १९६४ पासून चालत आलेले ‘राष्ट्रीय आशयपत्र’ ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले, आता विद्यापीठाचा लेखी आर्थिक मदत करारच महत्त्वाचा. त्यात रक्कम, मुदत एक वर्षाची की अनेक वर्षांची, आणि दुखापत झाल्यास काय, हे वाचावे. भरमसाट पैसे घेऊन शिष्यवृत्तीची हमी देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे, कारण हमी देण्याचा अधिकार विद्यापीठाखेरीज कोणाकडेच नसतो.

हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालतो. त्या काळात सराव आणि सामने मिळून आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे, अभ्यास त्याव्यतिरिक्त. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी शिष्यवृत्तीपलीकडच्या खर्चाचे पैसे बँकेत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. सत्र चालू असताना आवारातली नोकरीही आठवड्याला वीस तासांपुरतीच. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येते, पण एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला हा मार्ग व्हिसाच्या अटींमुळे जवळपास बंदच असतो. शिष्यवृत्तीतला शुल्क-पुस्तकांचा भाग करमुक्त आहे. राहण्या-जेवणाच्या भागावर कर लागतो, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत तो साधारणतः १४ टक्के दराने आधीच कापला जातो. घरचा हिशेब मांडताना हा आकडाही धरावा लागतो.